वानझेची दीड तासाची बैठक आणि आजचा ज्यूद्वेष

२० जानेवारी १९४२. बर्लिनच्या नैर्ऋत्येला वानझे नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या काठावरच्या एका ऐसपैस बंगल्यात त्या दिवशी युरोपातल्या ज्यूंचं काय करायचं यासाठी पंधरा अधिकारी जमले. काही एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेचे, काही नाझी पक्षाचे, उरलेले निरनिराळ्या मंत्रालयांतले सचिव दर्जाचे लोक. त्यांतले आठ जण डॉक्टरेट मिळवलेले. बैठक साधारण दीड तास चालली, मग कोन्याक ब्रँडी आली, गप्पा झाल्या आणि मंडळी आपापल्या ऑफिसात परतली. इतिवृत्त लिहायचं काम अडॉल्फ आइशमान या अधिकाऱ्याकडे होतं. पंधरा पानं भरली, तीस प्रती निघाल्या. त्यांतली एकच, सोळा नंबरची, परराष्ट्र खात्याच्या फायलींत राहून गेली आणि १९४७ साली तपास करणाऱ्यांच्या हाती लागली.

या इतिवृत्ताच्या सहाव्या पानावर एक तक्ता आहे. डावीकडे देशांची नावं, उजवीकडे तिथल्या ज्यूंची संख्या. इंग्लंड ३,३०,०००. आयर्लंड ४,०००. अल्बानिया २००. एस्टोनियासमोर आकडाच नाही, ‘ज्यूमुक्त’ असा शेरा आहे. खाली बेरीज: एक कोटी दहा लाखांहून जास्त. इंग्लंड, आयर्लंड, स्वित्झर्लंड हे देश जर्मनीच्या ताब्यात नव्हते, तरी तिथली माणसं आधीच हिशोबात धरली होती. ‘ठार मारणे’ हे शब्द पंधरा पानांत कुठेही नाहीत. ‘पूर्वेकडे हलवणे’ आहे, ‘योग्य ती कार्यवाही’च्या थाटातली वाक्यं आहेत. सरकारी परिपत्रकं वाचायची सवय असलेल्या कोणालाही ती भाषा ओळखू येईल.

ज्यूंना मारायचं इथेच ठरलं, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते बरोबर नाही. मारणं तेव्हा जोरात सुरू झालेलं होतं. सप्टेंबर १९४१ मध्ये कीव्ह शहराबाहेरच्या बाबी यार या घळीत दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या गेल्या. हा नेमका आकडा आपल्याला माहीत आहे, कारण मारणाऱ्या तुकडीनेच तो वरती कळवला होता. डिसेंबर १९४१ पासून पोलंडमधल्या खेल्मनो इथे बंद ट्रकमध्ये धूर सोडून माणसं मारली जात होती. वानझेला ठरलं ते खात्यांमधलं काम कोणी कसं वाटून घ्यायचं, हे. सगळ्याची सूत्रं कोणाकडे राहणार, आईवडिलांपैकी एकच ज्यू असेल तर त्या माणसाचं काय करायचं. शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

मी या कागदापासून सुरुवात करतोय, कारण होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काटेरी तारांची कुंपणं आणि भट्ट्यांची धुराडी येतात, आणि एका वेड्या माणसाने हे सगळं केलं असं वाटून आपण मोकळे होतो. एका माणसाच्या वेडाने साठ लाख माणसं मरत नाहीत. त्याला कारकून लागतात, वकील लागतात, स्टेशनमास्तर लागतात. आणि त्यांच्या मनात आधीपासून एक गोष्ट पक्की बसलेली असावी लागते: हे लोक आपले नाहीत.

तिथवरचा रस्ता नऊ वर्षांचा होता. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार, त्याच आठवड्यात ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणारा कायदा. १९३५ साली न्यूरेंबर्गचे कायदे आले. ज्यूंचं नागरिकत्व गेलं आणि ज्यू-बिगरज्यू लग्नांवर बंदी आली. ज्यू कोण हे ठरवायला आजी-आजोबा मोजायचे: चारपैकी तीन ज्यू निघाले की नातवंड ज्यू, मग ते चर्चमध्ये जात असो की कुठेच न जात असो. म्हणजे हा धर्माचा वाद उरला नाही, कारण धर्म बदलून कोणी सुटू शकत नव्हतं. १९३८ साली, ज्यांचं नाव ठरावीक ज्यू नावांपैकी नाही अशा ज्यू पुरुषाने आपल्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि बाईने ‘सारा’ जोडायचं, असा हुकूम निघाला. पासपोर्टवर लाल ‘जे’ उमटला. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनाघरं, जाळली गेली, दुकानं फोडली गेली, सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत टाकलं, आणि वर एक अब्ज मार्कचा दंड ज्यूंकडूनच वसूल केला.

लोक पळून का गेले नाहीत, हा प्रश्न नेहमी येतो. खूप जण गेले. बाकीच्यांना घेणार कोण? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी बत्तीस देशांचे प्रतिनिधी या निर्वासितांसाठी जमले, सहानुभूतीची भाषणं झाली आणि जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. पुढच्या वर्षी सेंट लुइस नावाचं जहाज ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाला पोचलं. क्यूबाने बहुतेकांना उतरू दिलं नाही, अमेरिकेनेही दार उघडलं नाही. जहाज युरोपला परतलं. त्यावरचे अडीचशेहून जास्त लोक पुढे होलोकॉस्टमध्ये मेले.

कारकुनी कुठल्या थराला गेली होती, याचा एक नमुना. माणसांना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या जर्मन रेल्वे फुकट चालवत नव्हती. तिसऱ्या वर्गाचं भाडं लागायचं, किलोमीटरमागे चार फेनिग. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेहून जास्त ‘प्रवासी’ असले की घाऊक सवलत. नेल्या जाणाऱ्यांचं भाडं एकेरी आणि पहारेकऱ्यांचं जाऊन-येऊन. कोणीतरी बसून ही बिलं केली, कोणीतरी मंजूर केली.

युद्ध संपेपर्यंत सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत अंदाजे पंधरा लाख मुलं होती. एकट्या पोलंडमध्ये युद्धाआधी तेहेतीस लाख ज्यू राहायचे, त्यांतले तीस लाखांच्या आसपास गेले. आउशविट्झच्या छावणीत जवळपास अकरा लाख माणसं मेली, पैकी दहा लाख ज्यू. रोमा या युरोपातल्या भटक्या समाजाचे किमान दोन-अडीच लाख लोक मारले गेले. जर्मनीतल्याच अपंगांना आणि मनोरुग्णांना ‘दयामरणा’च्या नावाखाली संपवलं, आणि विषारी वायूचा वापर पहिल्यांदा त्यांच्यावरच झाला. सोव्हिएत युद्धकैदी लाखोंनी उपाशी मेले. २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैन्य आउशविट्झला पोचलं, म्हणून २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २७ जानेवारी हा स्मरणदिन ठरवला.

आता आठवणीकडे. मेलेल्यांची आठवण ठेवणं हे मागे राहिलेल्यांनी करायचं काम, असं आपण धरून चालतो. इथे मरणाऱ्यांनी ते स्वतः सुरू केलं होतं.

इमानुएल रिंगेलब्लुम हा वॉर्सातला इतिहासकार. नोव्हेंबर १९४० मध्ये तिथल्या ज्यूंना भिंतीआड कोंडलं, तेव्हा त्याने पन्नास-साठ जणांचा एक गुप्त गट उभा केला. शिक्षक, लेखक, अर्थशास्त्रज्ञ, रब्बी (ज्यू धर्मगुरू), गृहिणी. शनिवारी भेटायचे, म्हणून नाव ‘ओनेग शब्बात’, शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आनंद. काम काय, तर सगळं गोळा करायचं. रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, चॉकलेटची वेष्टनं, नाटकाची पोस्टरं, शाळकरी मुलांचे निबंध, भुकेने माणूस कसा मरतो याच्या डॉक्टरांनी केलेल्या नोंदी, आणि खेल्मनोहून निसटून आलेल्या माणसाची जबानी. रिंगेलब्लुमचा आग्रह असा की वाईटही लिहा. आपल्यातले काळाबाजार करणारे, आपलेच पोलिस, आपल्या लाचा. पुढे इतिहास जर्मनांच्या कागदांवरून लिहिला जाणार, तर आपलेही कागद हवेत, आणि ते खरे हवेत.

१९४२ च्या उन्हाळ्यात वॉर्सातून रोज हजारो माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत जाऊ लागली, तेव्हा हे कागद पत्र्याच्या पेट्यांत घालून नोवोलिप्की रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात पुरले. पुरणाऱ्यांत डाविड ग्राबर नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याने आपलं मृत्युपत्रही त्याच पेटीत टाकलं. जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरतोय, अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. १९४३ मध्ये दुसरा साठा दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये गेला. रिंगेलब्लुम, त्याची बायको आणि मुलगा मार्च १९४४ मध्ये पकडले आणि मारले गेले. गटातले जेमतेम तिघं वाचले. त्यांनी ढिगाऱ्याखालची जागा दाखवली. सप्टेंबर १९४६ मध्ये पेट्या निघाल्या, पाणी शिरून कागद भिजलेले. १९५० मध्ये दुधाचे कॅन सापडले. तिसरा साठा अजून मिळालेला नाही.

आकड्याचं एक वाईट असतं: साठ लाख म्हटलं की डोकं काम करायचं थांबतं. म्हणून नंतरच्या बहुतेक स्मारकांचा रोख एकेका नावावर आहे. जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेत १९५० च्या दशकापासून एक-एक फॉर्म भरून घेतला जातो, एका माणसाचा एक फॉर्म. आजवर सुमारे पन्नास लाख नावं गोळा झाली आहेत. उरलेली मिळणं अवघड, कारण युक्रेन-बेलारूसकडे गावंच्या गावं एका दिवसात मारली गेली. फॉर्म भरणारं नातेवाईक कोणी उरलंच नाही.

गुंटर डेमनिश या जर्मन कलाकाराने १९९० च्या दशकात वेगळी वाट काढली. दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा काँक्रीटचा ठोकळा, वर पितळी पत्रा, त्यावर ‘इथे राहत होती’, खाली नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. तो ठोकळा त्या माणसाच्या शेवटच्या स्वखुशीच्या पत्त्यासमोर, फुटपाथच्या दगडांमध्ये बसवायचा. युरोपभर असे एक लाखाहून जास्त ठोकळे बसले आहेत. वाचायचं तर मान खाली घालावी लागते. म्युनिक शहराने मात्र सार्वजनिक रस्त्यावर ते बसवायला परवानगी दिली नाही. तिथल्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोट क्नोब्लोख स्वतः होलोकॉस्टमधून वाचलेल्या. त्यांचं म्हणणं असं की ज्यांना एकदा पायदळी तुडवलं, त्यांची नावं पुन्हा पायाखाली नकोत. कागदाला पाय लागला तरी हात जोडणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्युनिकने भिंतीवर आणि खांबांवर पाट्या लावून काढलेला मार्ग वाईट नाही.

इथवर झाला तो भूतकाळ. ज्यूद्वेष १९४५ साली संपला असता तर हा लेख इथेच थांबवता आला असता.

ज्यूद्वेष हा इतर भेदभावांसारखाच, असं समजलं तर तो कळत नाही. एरवी ज्याचा द्वेष करायचा त्याला हलका, अडाणी, घाणेरडा ठरवतात. ज्यूंबद्दल तेही म्हटलं गेलं, पण त्यावर एक मजला आणखी चढवला: हे लोक आतून सगळं चालवतात. बँका त्यांच्या, पेपर त्यांचे, युद्धं तेच लावतात. भांडवलशाहीही त्यांचीच आणि साम्यवादही त्यांचाच. दोन्ही एकाच वेळी कसं, असं विचारायची सोय नाही, कारण ‘तेच तर त्यांचं कारस्थान’ हे उत्तर तयार असतं. त्यामुळे ज्यूद्वेष्ट्याला आपण कोणा दुबळ्याला छळतोय असं वाटतच नाही. आपण बड्या धेंडांविरुद्ध उभे आहोत, या तोऱ्यात तो असतो. शिकलेली माणसं यात सहज सापडतात ती त्यामुळेच.

याची मुळं जुनी आहेत. ज्यूंनी ख्रिस्ताला मारलं, हा आरोप शतकानुशतकं चर्चमधून सांगितला गेला; कॅथलिक चर्चने तो अधिकृतपणे सोडला १९६५ साली. मध्ययुगीन युरोपात अनेक ठिकाणी ज्यूंना जमीन घ्यायला बंदी, कारागिरांच्या संघात प्रवेश नाही. ख्रिश्चनांनी व्याजाने पैसे देणं पाप. मग उरलेला धंदा ज्यूंकडे आला, राजांनीही त्यांचा त्यासाठी वापर करून घेतला, आणि कर्ज थकलं की दंगल करून वह्या जाळणं सोपं झालं. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी आवई उठली. स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं, तेही तिथे प्लेग पोचायच्या आधी. १२९० मध्ये इंग्लंडने ज्यूंना हाकललं, १४९२ मध्ये स्पेनने.

स्पेनमधली ही हकालपट्टी थेट गोव्यापर्यंत आली. तिथून पोर्तुगालला पळालेल्या एका ज्यू कुटुंबातला मुलगा गार्सिया द ऑर्ता. बाहेरून ख्रिश्चन झालेला हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले, मुंबई बेट भाड्याने घेतलं, आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं होतं. त्याचा वरवंटा पुढे हिंदूंवर आणि स्थानिक ख्रिश्चनांवर फिरला हे आपल्याला ऐकून माहीत असतं. सुरुवातीचा मोठा रोख या ‘नवख्रिस्तीं’वर होता, गुपचूप ज्यू धर्म पाळण्याच्या संशयावरून. ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, गोव्यात जाळलं. १५८० मध्ये ऑर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे.

कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, या सगळ्यापासून लांब राहिले. अलिबागजवळच्या नवगावला त्यांचे पूर्वज उतरले अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’, आडनावं किहिमकर, पेणकर, दिवेकर, भाषा मराठी. सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत १७९६ मध्ये सिनेगॉग बांधलं. १९३७ साली, जर्मनीत ज्यूला मत देता येत नव्हतं तेव्हा, डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर झाले, वरळी-महालक्ष्मीचा ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. युरोपातून निसटलेले शेकडो ज्यूही तेव्हा मुंबईत आले. १९३४ मध्ये आलेले वॉल्टर काउफमन त्यांतलेच. आकाशवाणीची ती पहाटेची संकेतधून त्यांची.

(कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला युद्धकाळात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, तो इतिहास याच्याशी हटकून गल्लत करून सांगितला जातो. ते बहुतेक कॅथलिक होते आणि स्टालिनने सायबेरियाकडे हद्दपार केलेले. ती गोष्ट मोठी आहे, पण वेगळी आहे.)

‘आपल्याकडे ज्यूंना कधीच त्रास झाला नाही’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. शेजाऱ्यांपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पण नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या चिंचोळ्या गल्लीतलं नरिमन हाउस दहशतवाद्यांनी उगाच शोधून काढलं नव्हतं. आत ज्यू असतात, एवढ्याच कारणाने ते यादीत होतं. दहशतवाद्यांसाठी हेरगिरी करणारा डेव्हिड हेडली आधी येऊन पाहणी करून गेला होता. तिथे रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग, त्यांची बायको रिव्का आणि आणखी चौघं मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची दाई सँड्रा सॅम्युएल हिने उचलून बाहेर आणलं. ताज आणि सीएसटीच्या आठवणींत ही जागा बहुतेक वेळा शेवटी येते, आणि तिथे का हल्ला झाला हे तर सांगितलंच जात नाही.

आपल्याकडचा दुसरा प्रकार द्वेषाचा नाही, बेफिकिरीचा आहे. कडक हेडमास्तर म्हणजे ‘हिटलर’. घरात शिस्त लावणारी आत्या म्हणजे ‘हिटलर’. फुटपाथवर यशाचे कानमंत्र देणाऱ्या पुस्तकांशेजारी हिटलरचं आत्मचरित्र पडलेलं असतं आणि एमबीएची पोरं ते ‘लीडरशिप’साठी घेतात. २००६ मध्ये नवी मुंबईत त्याच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं होतं; ज्यू समाजाने आक्षेप घेतला तेव्हा मालकांना नाव बदलावं लागलं. ‘त्याने इंग्रजांना धडा शिकवला’, ‘देश उभा केला’ ही वाक्यं लग्नाच्या पंगतीत ऐकू येतात. देश उभा केला म्हणजे काय? १९४५ मध्ये बर्लिन दगडविटांचा ढीग होतं आणि जर्मनीचे तुकडे झाले होते. त्याच्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची थट्टा आहे, आणि भारत इंग्रजांकडेच राहिलेला बरा असं त्याने सरळ लिहिलंय. शिस्तीच्या कौतुकात एवढं तरी वाचायला हरकत नाही.

आणि मग फॉरवर्ड येतात. ‘जगातल्या सगळ्या बँका एका कुटुंबाच्या’, ‘अमुक रोगामागे तमुक लॉबी’. खाली खोलवर गेलं की बऱ्याचदा तोच जुना झरा लागतो: १९०३ मध्ये रशियात छापलेलं, ज्यू वडीलधाऱ्यांच्या गुप्त सभेचं म्हणून खपवलेलं एक बनावट इतिवृत्त. १९२१ मध्येच लंडनच्या टाइम्सने ते एका जुन्या फ्रेंच राजकीय उपहासावरून चोरलंय हे परिच्छेद शेजारी-शेजारी ठेवून दाखवलं. त्या फ्रेंच पुस्तकाचा ज्यूंशी संबंधही नव्हता. तरी ते अमेरिकेत हेन्री फोर्डच्या वर्तमानपत्राने गाजवलं, नाझींनी शाळांत वाचायला लावलं, आणि हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेच्या १९८८ च्या सनदेत त्याचा पुरावा म्हणून उल्लेख आहे. एकीकडे वानझेचं खरं इतिवृत्त आहे, ते ‘बनावट’ म्हणणारे लोक आहेत; आणि तेच लोक हे बनावट इतिवृत्त खरं मानतात.

होलोकॉस्ट झालाच नाही, असं म्हणणाऱ्यांचा निकाल एका कोर्टातही लागला आहे. डेव्हिड अर्व्हिंग या ब्रिटिश लेखकाने, आपल्याला ‘नाकारणारा’ म्हटलं म्हणून, डेबोरा लिपस्टाट या इतिहासकार बाईंवर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यात लिहिलेलं खरं आहे हे लिहिणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. लिपस्टाट यांच्या बाजूने तज्ज्ञांनी कागद, आराखडे, आकडे कोर्टात मांडले, आणि एप्रिल २००० मध्ये न्यायमूर्ती ग्रे यांनी अर्व्हिंगने पुरावे जाणूनबुजून वाकवले असा निकाल दिला. आता उघड नाकारणारे कमी, पातळ करणारे जास्त. कोविडच्या वेळी युरोपात लस नको म्हणणाऱ्यांनी नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावलेला पिवळा तारा छातीवर लावून मिरवलं, तो हाच प्रकार.

हे सगळं कागदावर राहत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेला आलेल्या अकरा जणांना एकाने गोळ्या घातल्या. ज्यू हे निर्वासितांना आणून देश बुडवतात, असं त्याच्या डोक्यात भरलेलं होतं. पुढच्या वर्षी जर्मनीत हाले इथे योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी हल्लेखोराला सिनेगॉगचं लाकडी दार फोडता आलं नाही, म्हणून आतले वाचले. रागाने त्याने बाहेर दोघांना मारलं. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला एका जिहादी हल्लेखोराने ज्यू शाळेसमोर तीन मुलं आणि एक शिक्षक मारला. म्हणजे उजवे अतिरेकी, इस्लामी अतिरेकी, आणि डाव्या वर्तुळांतही ‘पैशावर बसलेला ज्यू’ दाखवणारी चित्रं. कोणत्याही एका टोकाकडे बोट दाखवून हात झटकता येत नाहीत.

आता सगळ्यात नाजूक भाग. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसं मारली आणि अडीचशे ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार साठ हजारांहून जास्त पॅलेस्टिनी मेले. इस्रायलवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष का? नाही. कोणत्याही सरकारवर करता येते तशी, तितकी कडक टीका नेतान्याहूंवर करता येते, आणि ती करणारे हजारो ज्यू तेल अवीवच्या रस्त्यांवरच उभे राहिले आहेत. पण पॅरिसच्या ज्यू बेकरीवर दगड मारणं, ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या आजोबांना गाझाचा जाब विचारणं, ‘इस्रायल सरकार’ म्हणायच्या जागी ‘हे ज्यू असेच’ म्हणणं, तेच जुने रक्तपिपासू, जग चालवणारे हात असलेले व्यंगचित्र नव्या झेंड्याखाली काढणं, ही टीका उरत नाही. मी स्वतः एक सोपी कसोटी लावतो. वाक्यातलं ‘ज्यू’ काढून ‘मुसलमान’ किंवा ‘हिंदू’ घालून बघायचं. आपल्या अंगावर काटा आला तर मूळ वाक्यही तसंच होतं.

रेषा नेमकी कुठे, यावर जाणकारांतही वाद आहे. २०१६ मध्ये होलोकॉस्ट स्मरणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आघाडीने ज्यूद्वेषाची व्याख्या आणि अकरा उदाहरणं दिली. त्यांतली बरीच इस्रायलबद्दलची असल्याने ती टीका दाबायला वापरली जातात, असं तिचा मूळ मसुदा करणारे केनेथ स्टर्न हेच सांगतात. २०२१ मध्ये काही अभ्यासकांनी जेरुसलेम जाहीरनामा म्हणून दुसरी व्याख्या मांडली. दोन्ही वाचाव्यात, पुष्कळ भाग सारखा आहे.

वाद आणखी एका ठिकाणी जाऊन टेकतो: वंशसंहार कशाला म्हणायचं? राफाएल लेम्किन या पोलिश-ज्यू वकिलाने १९४४ मध्ये या गुन्ह्याला नाव दिलं. घरातली जवळपास पन्नास माणसं त्याने होलोकॉस्टमध्ये गमावली. आर्मेनियन लोकांची १९१५ ची कत्तल तरुणपणी वाचल्यापासून त्याला एकच प्रश्न छळत होता: एक माणूस मारला तर फाशी, आणि एक समाज मारला तर कायदाच नाही? त्याच्या खटपटीतून ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांचा वंशसंहारविरोधी करार झाला. करारानुसार फक्त मेलेल्यांची संख्या पुरत नाही. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं, मुख्यतः तुत्सी, मारली गेली. तिथे ओळखपत्रांवर जमात छापलेली होती आणि रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं जात होतं, त्यामुळे हेतू सिद्ध झाला. १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात आठ हजार मुस्लीम पुरुष आणि मुलगे मारले, तिथेही झाला. गाझाबद्दल दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने इस्रायलला अंतरिम आदेश दिले, अंतिम निकाल यायचा आहे. होलोकॉस्टमधले बळी आठवले म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही असं नाही, आणि तो विचारतो म्हणून होलोकॉस्ट छोटा करायचा असंही नाही. लेम्किनने कायदा एका समाजापुरता लिहिला नव्हता.

भारताने या करारावर १९४९ मध्ये सही केली आणि १९५९ मध्ये तो मंजूर केला. करार पाळायचा तर देशाने स्वतःचा कायदा करणं अपेक्षित असतं. डिसेंबर २०१८ मध्ये, १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या सज्जन कुमारला जन्मठेप देताना दिल्ली उच्च न्यायालयाने लिहून ठेवलं की वंशसंहार हा गुन्हा आपल्या कायद्यात नाही आणि ही पळवाट तातडीने बुजवायला हवी. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यातही हा गुन्हा नाही.